आईनं सांगितलेली तारीख

माझ्या जावेचा वकील गोंदियाच्या कोर्टापुढं पांढऱ्या गाडीतून उतरला आणि माझ्या पोटात दुखलं. माझा एकुलता एक लेक तेव्हा भंडाऱ्याच्या जेलमध्ये होता, तीन दिवस मी धड जेवली नव्हती, त्याची काळजी तर होतीच. पण त्या घडीला मी जळत होती ती त्या गाडीवर, वकिलाच्या मागं फायली घेऊन चालणाऱ्या दोन माणसांवर, आणि त्यांच्या बाजूनं कडक इस्त्रीचं लुगडं नेसून चाललेल्या जावेवर. हे लिहायला लाज वाटते. वाटो. खोटं लिहिलं की काय होते ते मी एकदा पाहिलं आहे.

जाऊ म्हणजे माझ्या भासऱ्याची, नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. मी तिला बाई म्हणते. दोन वर्षांच्या अंतरानं आम्ही एकाच घरात सुना म्हणून आलो, आणि पहिल्या दिवसापासून तिचं सगळं माझ्यापेक्षा बोटभर वरचढ. तिच्या हातची भाजी सासऱ्यांना गोड लागे. सासूबाई शेवटपर्यंत पाणी मागत ते तिच्याच हातचं. वाटणी झाली तेव्हा नहराजवळच्या धानाच्या बांध्या त्यांच्या वाट्याला गेल्या आणि आमच्या शेवटी राहिल्या. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी आधी त्यांच्या धानाला लागते, मग उरलं तर आमच्या. तिनं कधी मुद्दाम काही केलं असं मी सांगू शकत नाही. तेच तर जास्त खुपत होतं. भांडली असती तर मीही मोकळी झाली असती.

तिला मुलगा झाला. दीड वर्षानं मलाही झाला. आता तरी बरोबरी झाली असं मला वाटलं, पण तिचा चालत होता तेव्हा माझा पाळण्यात, तिचा बोलायला लागला तेव्हा माझा रांगत. माणूस एवढ्याशा गोष्टीवर जळते का? मी जळत होती.

मग ही दोन पोरं एकाच वर्गात कशी, हे सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण तिथंच सुरू होते.

त्या जून महिन्यात आमच्या शाळेत बाहेरगावचे नवे गुरुजी आले होते. बाई पोराला पहिलीत घालायला निघाली. त्याला सहा वर्षं पुरी होऊन चार महिने झाले होते. नवा शर्ट, कपाळाला कुंकू. मीही माझ्या लेकाचा हात धरून मागं मागं गेली. त्याला अजून पाच पण लागायची होती. का गेली म्हणाल, तर घरी बसवेना म्हणून. गुरुजी दाखल-खारीज रजिस्टर उघडून बसले होते. म्हणजे शाळेत कोण आलं, कोण गेलं, कोणाची जन्मतारीख काय, ते लिहायचं मोठं पुस्तक. बाईनं दवाखान्याचा कागद दिला, नाव लिहून झालं. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. हा पण?

हो म्हटलं.

सहा पुरे? पुरे म्हटलं. गुरुजींनी चष्म्यातून दोघांना शेजारी शेजारी पाहिलं आणि म्हणाले, लहान दिसतो हा. त्याच्यापेक्षा लहान आहे ना?

थोडासा लहान आहे, एवढं म्हटलं असतं तरी माझं काम भागत होतं. नाव लागलंच असतं. पण मी म्हटलं, "नाही जी, मायाच मोठा आहे. चार महिन्यांनं. तापानं खंगला म्हणून तसा दिसते."

बाई तिथंच उभी होती, हातात पोराची पाटी. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पाटी पदरानं पुसली. गुरुजींनी बोटांवर महिने मोजले आणि बाईच्या पोराच्या जन्माआधीच्या ऑक्टोबरची एक तारीख लिहून टाकली. मी अंगठेबहाद्दर नाही, बारावी शिकली आहे, सही केली ऐटीत. घरी येताना मला असं वाटत होतं की नहराचं पाणी वळवून आणलं.

पुढं तीच तारीख खरी झाली. आधार कार्डावर तीच, बँकेत तीच, दरसाल वाढदिवस त्याच तारखेला. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, हा तर मागून झाला ना व? मी म्हणे, तुम्हाले कायचं आठवते. माझ्या लेकाला मी कधी बाईच्या पोराला दादा म्हणू दिलं नाही. तू मोठा आहेस, असंच सांगत आली. लेकरू आईवर विश्वास ठेवते, त्याला काय माहीत. अकरा-बारा वर्षांत बाईनं या गोष्टीवर एकदाही तोंड उघडलं नाही. मला तिच्या त्या गप्प बसण्याचाही राग होता.

गेल्या साली दिवाळीच्या आधी त्याला अठरा लागले. म्हणजे कागदावर. तिरोड्याहून केक आणला, वर त्याचा फोटो काढून घेतला, आणि पहिला तुकडा मुद्दाम बाईच्या घरी पाठवला.

बावीस दिवसांनी शेजारच्या गावची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दंडार नाचते, शिंगाडे आणि ऊस विकायला बसतात. दोन्ही पोरं एका गाडीवर गेली. भर दुपारी, शिंगाड्यांच्या दुकानापाशी, गाडीचा धक्का लागला म्हणून त्या गावच्या पोरांशी बोलाचाली झाली. बोलाचालीची हाणामारी झाली. तिथल्या एका पोराच्या डोक्यात काठी बसली आणि तो जागीच पडला. काठी कोणाची होती ते मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. माझ्या लेकानं मला नंतर एवढंच सांगितलं की मारलं दोघांनीही. त्या पोराला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, तीन दिवस तो शुद्धीवर नव्हता. आता बरा आहे, कॉलेजात जाते. पण त्या तीन दिवसांत त्याच्या आईचं तोंड मी दवाखान्याच्या जिन्यात पाहिलं आहे आणि ते विसरता येत नाही.

पोलिसांनी दोघांना आणलं. जीव घेण्याचा प्रयत्न केला, असा गुन्हा लागला. ठाण्यात वय विचारलं. पुतण्या म्हणाला सतरा. माझा लेक म्हणाला, "अठरा पुरे."

तेवढ्यावर वाटा वेगळ्या झाल्या. पुतण्याला गोंदियाच्या कोर्टाच्याच आवारात बाल न्याय मंडळापुढं नेलं. अठराच्या आतल्या मुलांचं तिथं पाहतात. आईबापाच्या हमीवर तो दुसऱ्याच दिवशी घरी आला, अंगणात बसून भात खाल्ला. माझ्या पोराला मोठ्यांच्या कोर्टात उभं केलं आणि तिथून भंडाऱ्याला पाठवलं. कोर्टात साहेबांनी विचारलं, वकील आहे का? आमचे हे खाली मान घालून उभे. तेव्हा साहेबांनीच सांगितलं की जेलमध्ये असलेल्याला सरकारकडून मोफत वकील मिळते, अर्ज करा.

अर्ज केला आणि मिळाली कोण, तर एक पोरसवदा मुलगी. खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला, गोंदिया शहरातली म्हणून बोलणं निम्मं हिंदी. तिकडं जावेचा वकील पांढऱ्या गाडीतून उतरून राहिला आणि माझी वकील मॅडम ऑटोतून. माझा जीव असा जळला की काय सांगू. फुकटचं ते फुकटच, असं मी आमच्या ह्यांना तिच्या देखत म्हटलं. तिनं ऐकलं असेल. ऐकून न ऐकल्यासारखं करून तिनं पिशवीतून वही काढली.

पहिल्याच दिवशी तिनं नेमकं तिथं बोट ठेवलं. "ताई, अठरा पूरे होके बस बाईस दिन हुए हैं. ये तारीख किसने लिखवाई?"

"गुरुजींनं लिवली," मी म्हटलं.

"बताई किसने?"

मी पदर सारखा केला. ती समजावून सांगत होती की पोरगा घटनेच्या दिवशी अठराच्या आत असेल तर त्याला जेलमध्ये ठेवताच येत नाही, त्याचं प्रकरण मंडळापुढं जाते, शिकवणाऱ्या-समजावणाऱ्या लोकांपुढं. शाळेतल्या तारखांमध्ये गडबड असते, तिनं अशी दोन-तीन प्रकरणं पाहिली होती. म्हणून विचारून राहिली. जन्माचा दाखला आहे का? घरात कोणाला आठवते का? मी म्हटलं, नाही. समोरच्या बाकावर बाई बसली होती. हाकेच्या अंतरावर. तिच्या कानावर पडेल असं मी कसं म्हणू, की तुझ्या पोरावर जळून मी माझ्या पोराचं वय वाढवलं?

दहा दिवस मी गप्प राहिली. दहा दिवस. पोरापेक्षा मला माझं नाक मोठं वाटलं. हे कोणी दुसऱ्या बाईनं केलं असतं तर मी तिला चारचौघांत फाडून खाल्लं असतं.

अकराव्या दिवशी भंडाऱ्याला भेटायला गेली. जाळीच्या पलीकडं तो उभा, गाल बसलेले, अंगावर घरचाच स्वेटर. स्वेटरची बाही ओढत राहिला. मग म्हणाला, "तो घरी आहे ना?"

"आहे."

"मी मोठा आहो म्हणून मी इथं. चार महिन्यांनं मोठा." आणि हसला. "त्याच्यापेक्षा मोठा असण्याचा मले कवाच काही फायदा नाही झाला, आई."

माझ्यानं तिथं उभं राहवलं नाही. बाहेर येऊन रस्त्यावरूनच वकील मॅडमला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, "छह बोलने से काम हो जाता था. ज़्यादा क्यों बताया?"

मी म्हटलं, जळून.

"ठीक है," ती म्हणाली. "ये कोर्ट में बोलना पड़ेगा. बोलोगे ना?"

त्या फुकटच्या मुलीनं पुढं जे केलं ते गाडीवाल्या वकिलानं केलं असतं की नाही कोण जाणे. जुन्या गुरुजींना तिनं शोधून काढलं. ते निवृत्त होऊन तिरोड्याला राहत होते. कोर्टात येऊन सांगतो म्हणाले की कागद काही नव्हता, आईनं सांगितली ती तारीख लिहिली. मग ती माझ्या माहेरी गेली, चिचगडच्या जंगलात, दोन बसा बदलून. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक तिथं झाला होता, घरातच, दाईच्या हातून. माझ्या बापानं तिसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन नोंद केली होती, हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. नोंद सापडली. ऑगस्टमधली तारीख, माझं नाव, ह्यांचं नाव, आणि पुढं फक्त 'पुरुष'. मुलाच्या नावाचा रकाना कोरा. बारसं व्हायचं होतं ना तेव्हा. बारशानंतर नाव भरायला आमच्यातलं कोणी कधी परत जाते का? आमच्याकडं निम्म्या पोरांचे रकाने असेच कोरे आहेत.

"सामनेवाला बोलेगा, ये कोई दूसरा बच्चा होगा," मॅडम म्हणाली. "आप का लड़का बड़ा वाला, ये छोटा कोई और. आणि ताई, आप का बोलना अब कोई नहीं मानेगा. एक बार झूठ लिखवाया है, बच्चे के लिए दूसरी बार भी बोलोगे." माझे आई-बाबा, दाई, तिघंही वारलेले. सासरचं कोण आलं होतं बारशाला, तिनं विचारलं.

सासूबाई आजारी होत्या. एकच आली होती. बाई. दीड वर्षाचं पोरगं कडेवर घेऊन.

आता खरी गंमत ऐका. बाईच्या पोराचा वकील मंडळापुढं हेच तर सांगत होता की मोठ्या भावानं नेलं म्हणून लहान गेला, लहानाचा दोष नाही. मोठा म्हणजे माझा. बाईनं खरं सांगितलं की तिच्याच पोराची बाजू लंगडी होणार. आणि तिनं का सांगावं? मी तिच्यासाठी आजवर काय केलं होतं, केकचा तुकडा पाठवण्याशिवाय?

दोन दिवस हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. ती अंगणात खाटेवर कोहळ्याच्या वड्या घालत होती. मी रस्त्यानं पाठ केलेलं सगळं विसरली. उभ्या उभ्या म्हटलं, "बाई, मी शाळेत खोटं लिवलं होतं."

"मले मालूम आहे. मी तिथंच होती."

"तुमाले कोर्टात सांगा लागते. पण तुमचा वकील..."

"तो काय बोलून राहिला ते बी मले मालूम आहे." ती वडी घालत राहिली, एकसारख्या, ओळीनं. तिच्या वड्याही माझ्यापेक्षा सारख्या पडतात. मग हात पुसून म्हणाली, "तारीख कवा आहे?"

बस, एवढंच. मी तिच्या जागी असती तर आधी बारा वर्षांचं सगळं काढलं असतं, नाक घासायला लावलं असतं. तिनं मला तेवढंही सुख दिलं नाही. घरी येताना मी तिचे उपकार मानत होती की तिचा राग करत होती ते मला सांगता येत नाही. भासऱ्यांनी मग घर डोक्यावर घेतलं. आपल्या पोराच्या पायावर कायले धोंडा मारतेस म्हणून ओरडत होते, आमच्या अंगणापर्यंत ऐकू येत होतं. तिचा आवाज काही ऐकू आला नाही.

तारखेच्या दिवशी मी बसली होती त्याच काळीपिवळी जीपमध्ये ती येऊन बसली. गोंदियापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत गेली, ती समोर.

आधी मला उभं केलं. लेक पोलिसांच्या बाजूला उभा होता, माझ्याकडं पाहत. साहेबांनी विचारलं, शाळेत खोटी तारीख का सांगितली? मी म्हटलं, "जळून, साहेब. माझ्या या जावेवर जळून." टाइप करणारा थांबला. काय लिहू म्हणून साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "बोलल्या तेच लिहा." त्यानं लिहिलं. खोलीत माझ्या गावचे चार लोक होते. पण मला दिसत होता फक्त लेकाचा चेहरा. तो माझ्याकडं पाहत होता तो हळूच खाली पाहायला लागला.

मग बाई. सरळ उभी, पदर खोचलेला, एक हात कठड्यावर. "मायाच मोठा आहे," ती म्हणाली. "दीड वर्सानं. मी बारशाले गेली होती. हा पाळण्यात होता आन् माया पाळण्याची दोरी ओढे. हिले दुसरं लेकरू झालंच नाही, ना आधी, ना मागून."

सरकारी वकील म्हणाले, "तुमच्या मुलाचा वकील तर म्हणतो हा मोठा आहे."

"तो होता का बारशाले?"

लोक हसले. साहेबांनीही मान खाली घातली. आणि मी? माझा लेक सुटत होता, माझ्या डोळ्यांपुढं सुटत होता, आणि तेवढ्यातही माझ्या मनात आलं की हिला हे इतकं सोपं कसं जमते. खरं बोलणं तिच्या वाट्याला आलं आणि मला जे उरलं ते मी बोलली. जन्मभराची सवय, एका दिवसात कुठं जाणार.

साहेबांनी ग्रामपंचायतीची तारीख धरली. प्रकरण मंडळाकडं गेलं, आणि चौथ्या दिवशी लेक आमच्या हमीवर घरी आला. खटला संपलेला नाही. दोन्ही पोरांना आता एकाच दिवशी मंडळापुढं जावं लागते, तिथल्या ताई त्यांच्याशी बोलतात, दोघं जखमी पोराच्या घरी जाऊन माफी मागून आले. बाईच्या वकिलानं काम सोडलं. आता तिच्याही पोराचं आमचीच वकील मॅडम पाहते.

माझा लेक घरी आला ती दुपार सांगते आणि थांबते. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. बाई तिच्या अंगणातून आली आणि दारात उभी राहिली. चौघं-पाचजण जमले होते. तो माझ्या बाजूनं पुढं गेला आणि तिच्यापुढं उभा राहिला.

"काकी, तू कोर्टात सांगितलं ते खरं आहे? का मले सोडवासाठी सांगितलं?"

मी दोन हातांवर होती. त्यानं मला विचारलं नाही.

बाईनं माझ्याकडं पाहिलं. शाळेत पाहिलं होतं तसं नव्हतं ते पाहणं, किंवा मला तसं वाटलं असेल. "आईले विचार," ती म्हणाली.

तो वळला. मी म्हटलं, "खरं आहे. तू सोळा वर्सांचा आहेस. सोळा आन् तीन महिने. तू लहाना आहेस."

त्यानं माझं ऐकून घेतलं. मग मान वळवून पुन्हा तिच्याकडं पाहिलं, आणि तिनं मान हलवली तेव्हा तो घरात गेला.